बंद खाणीतले पाणी शेताला द्यावे का?

प्रश्न : खाण बंद होऊन बरीच वर्षे झाली. तिच्या जुन्या बोगद्याच्या तोंडातून आता बारमाही पाणी वाहते. तोंडाशी ते अगदी नितळ असते, पण शंभर-दोनशे पावलांवर ओढ्यातल्या दगडांवर नारिंगी साका बसलेला दिसतो. हे पाणी पिकाला आणि जनावरांना चालेल का? ओढ्यात चुनखडीचे दगड टाकले तर सुधारेल का? काही जण म्हणतात, बोगद्याचे तोंडच बुजवून टाका.

उत्तर : शेवटचे आधी सांगतो, कारण त्यात जिवाला धोका आहे. तोंड बुजवू नका आणि तोंडाशी साचलेला ढिगारा उकरूही नका. आत पाणी तुंबले की दाब वाढत जातो आणि एक दिवस पाणी स्वतःची वाट काढते. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या गोल्ड किंग या बंद खाणीच्या तोंडाशी ५ ऑगस्ट २०१५ रोजी यंत्राने खोदकाम चालू असताना सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी एकदम फुटून बाहेर आले. ॲनिमस नदी नारिंगी झाली आणि खालच्या शेतकऱ्यांना सिंचन थांबवावे लागले. तिथे काम करणारे नवशिके नव्हते. बोगद्याच्या आतही पाऊल टाकू नका. आतल्या हवेत प्राणवायू पुरेसा असेलच असे नाही.

आता पाण्याकडे. खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत असतात. ते थांबले की पाणी हळूहळू चढते आणि कुठल्या तरी सखल तोंडातून बाहेर पडते. वाटेत त्याची गाठ पायराइटशी, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाशी पडते. हवा आणि पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते, आणि ते आम्ल खडकातले इतर धातू विरघळवते. तोंडाशी लोह विरघळलेल्या रूपात असते, म्हणून पाणी नितळ दिसते. बाहेरची हवा लागली की त्याचा गंज होऊन खाली बसतो, आणि ही क्रिया होताना आणखी आम्ल सुटते. म्हणून तोंडाशी घेतलेला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके पाणी आम्ल) फसवा असतो.

हे घरीच पाहता येते. पारदर्शक बाटली तोंडाशी अर्धी भरा, सामू मोजा, झाकण लावून खळखळून हलवा आणि झाकण सैल करून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी नारिंगी साका दिसला, पण सामू जवळपास तेवढाच राहिला, तर काम तुलनेने सोपे आहे. सहाचा सामू चारवर आला, तर पाण्यात आम्ल शमवायची ताकद नाही.

तरी प्रयोगशाळेची तपासणी टाळता येत नाही. सामू आणि ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) जागेवरच मोजा. धातूंसाठी प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली वेगळी बाटली मागा, नाहीतर लोह वाटेतच बाटलीला चिकटते आणि अहवाल छान येतो! एक नमुना भर उन्हाळ्यात आणि एक पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्या. कोरड्या दिवसांत साठलेले क्षार तो पाऊस एकदम धुऊन आणतो.

अहवालात काय बघायचे? जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सततच्या सिंचनासाठी दर लिटरला लोह ५, मंगल (मँगनीज) ०.२, तांबे ०.२, जस्त २, आर्सेनिक ०.१ आणि कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत, आणि सामू ६.५ ते ८.४ चालतो. ठिबकचे गणित वेगळे : लोह १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले की ड्रिपर हमखास तुंबतात. कॅडमियमबाबत मी सवलत देत नाही. जपानमध्ये जिंझू नदीकाठची भातशेती कामिओका खाणीच्या कॅडमियमने दूषित झाली आणि तो भात खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. पीक हिरवेगार दिसत असतानाही कॅडमियम दाण्यात उतरू शकते.

जनावरांसाठी सल्फेट (गंधकाम्लातून पाण्यात उरणारा घटक) बघा. दर लिटरला १,००० मिलिग्रॅमच्या वर गेले तर ते पाणी पाजू नका. वासरांना याच्या निम्म्यावरही त्रास होऊ शकतो. तपासणी होईपर्यंत ओढ्याच्या त्या भागाला कुंपण घाला.

चुनखडीचे दगड ओढ्यात टाकणे हा सर्वांना सुचणारा उपाय, आणि बहुतेकदा वर्षा-दोन वर्षांत निकामी होणारा. असा एक दगड उचलून चाकूने खरवडून पाहा : वर नारिंगी कवच, आत पांढरा दगड जसाच्या तसा. पाणी चुनखडीपर्यंत पोचतच नाही. चुनखडी वापरायचीच तर हवा लागण्यापूर्वी, बंदिस्त पुरलेल्या चरात, आणि पाण्यात गंजलेले लोह किंवा ॲल्युमिनियम जवळपास नसेल तरच.

बाटलीत सामू टिकला असेल, तर पाणी पायऱ्यांवरून खळखळत उतरवा, मग निवळण्याच्या तळ्यात थांबवा आणि शेवटी पाणकणीस लावलेल्या उथळ पाणथळीतून सोडा. १ मिलिग्रॅम प्राणवायू साधारण ७ मिलिग्रॅम लोहाला पुरतो आणि एका उतरणीत पाण्याला जेमतेम ८ मिलिग्रॅम मिळतो. म्हणून लोह ५० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर उतरण आणि तळे पुन्हा एकदा करावे लागते. जागेचा अंदाज असा : २० लिटरची बादली २० सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला १ लिटर. लोह ३० मिलिग्रॅम असेल तर दिवसाला सुमारे २.६ किलो लोह येते. दर चौरस मीटरला दिवसाला १० ग्रॅम धरले, तर २६० चौरस मीटर पाणथळ लागते, म्हणजे अडीच गुंठ्यांपेक्षा थोडी जास्त.

सामू घसरला असेल, तर पाणी चुनखडीवर अंथरलेल्या कंपोस्टच्या जाड थरातून खाली झिरपवतात. तिथले जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड करतात आणि बरेच धातू त्यात अडकतात. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, थर काम करतो आहे. सामू तीनच्या आसपास आणि प्रवाह मोठा असेल, तर विरवलेल्या चुन्याचे दूध, म्हणजे पाण्यात कालवलेला चुना, मोजून सोडणारे संयंत्र लागते. ते रोज बघणारा माणूस हवा, आणि हे एकट्या शेतकऱ्याचे काम नाही. मंगल मात्र सगळ्यात शेवटी बसते. लोह गेले म्हणून तेही गेले असे धरू नका.

चुन्याने आम्ल जाते, सल्फेट बरेचसे राहते. दक्षिण आफ्रिकेत कोळसा खाणींच्या अशा जिप्समयुक्त, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या, पाण्यावर गहू आणि मका घेऊन पाहिले आहेत, कारण जिप्समचा काही भाग जमिनीतच साका होऊन बसतो. हे कॅल्शियमच्या पाण्याला लागू आहे. सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण होईल, म्हणून अहवालात सोडियमही मागा.

तळ्यातला नारिंगी गाळ खत म्हणून शेतात पसरू नका. त्यात आर्सेनिक अडकलेले असू शकते. गाळ तपासून, अस्तर केलेल्या खड्ड्यात वेगळा ठेवा आणि पावसाचे पाणी त्यावरून वाहून ओढ्यात जाणार नाही अशी चर काढा.