बाहेरगावच्या पैशानं गरिबी कमी होते का? काउंटरवरून दिसते ते

एकानं विचारलं की पोट्टे पुण्या-सुरतेहून पैसे पाठवतात त्यानं गावची गरिबी खरंच कमी होते का नुसते मोबाईल अन् गाड्या वाढतात. दारव्हा तालुक्यात 9 वर्षांपासून बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो, हे पैसे माझ्याच मशीनवरून निघतात म्हणून सांगतो.

होते कमी. पण किती आले त्याच्याआधी कधी आले ते पाहा.

मागच्या जूनमध्ये एक म्हातारी आली, पोरगा पुण्याजवळ चाकणला ठेकेदाराकडे, मशीनवर अंगठा काही लागेना, कापूस वेचून वेचून रेषाच गेल्या, चारदा पदराले पुसला, पाचव्यांदा लागला एकदाचा. 6000 काढले अन् थेट कृषी केंद्रात, बियाणं-खत नगदी घेतलं. हेच उधारीत घेतलं असतं तर महिन्याले शेकडा 3 व्याज, वरून कापूस निघाला की त्याच दुकानदाराले तो म्हणेल त्या भावात घाला. हेच 6000 दिवाळीत आले असते तर व्याजातच गेले असते न राजेहो.

वर्ल्ड बँकेच्या अ‍ॅडम्स अन् पेज यांनी 2005 मध्ये 71 विकसनशील देशांचा हिशोब काढला होता, परदेशातून येणारा दरडोई पैसा 10 टक्के वाढला तर गरिबांचं प्रमाण 3.5 टक्क्यांनी घटते, म्हणजे 100 गरिबांतले तीन-चार वर निघतात. नेपाळात 1995-96 ले 42 टक्के गरीब होते, 2003-04 ले 31, त्यात बाहेर गेलेल्यांच्या पैशाचा मोठा हात. आपल्याकडे परदेश कुठला, चाकणच आपली दुबई, पण हिशोब तोच.

गाड्यांचा म्हणाल तर मलेही आधी राग यायचा, आता नाही येत, रात्री बाळंतीण तालुक्याले न्यायची तर तीच कामी येते.

खरी गोची वेगळीच आहे. चाकणला जायले भाडं लागते, खोलीचं डिपॉझिट लागते, तिथं कोणी ओळखीचं लागते, मग जाते कोण, तर चार एकर वावरवाल्याचा पोट्टा. ज्याच्याकडं वावरच नाही तो उचल घेऊन बायको-लेकरांसकट वीटभट्टीवर जाते, उचल जुन्या कर्जात आधीच गेली, तो घरी काय पाठवणार? त्याचं खातं माझ्या मशीनवर वर्षभर उघडतच नाही.

अन् एकाच पोराच्या पगारावर घर टेकलं की काय होते ते 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पाहिलं, पैसे यायचे थांबले अन् पोट्टेच चालत आले. त्या म्हातारीच्या पोराले ठेकेदारानं यंदा घरी बसवलं. जून लागला, दोनदा बॅलन्स पाहून गेली.