रिपोर्टमध्ये व्हायव्हॅक्स आलाय, म्हणजे साधाच मलेरिया ना? कोणत्या प्रकारात काय बिघडू शकतं?

‘साधा’ हा शब्द मी व्हायव्हॅक्सलाही लावणार नाही. जास्त जीव फॅल्सिपेरम हा मलेरियाचा दुसरा प्रकार घेतो हे खरं, पण तो का घेतो हे कळलं की बाकीच्या प्रकारांत कशावर नजर ठेवायची तेही कळतं.

फॅल्सिपेरम कोणत्याही वयाच्या तांबड्या पेशीत शिरतो, म्हणून रक्तातले परजीवी झपाट्याने वाढतात. शिवाय तो पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिन आणतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात आणि रक्तपुरवठा अडतो. मेंदूत हे झालं की असंबद्ध बोलणं, झटके, बेशुद्धी. मूत्रपिंडाला इजा झाली की लघवी कमी होते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) डेसिलिटरमागे ३ मिलीग्रॅमच्या वर जातं. आणि चिकटून बसलेल्या पेशी बोटातून काढलेल्या थेंबात येतच नाहीत, त्यामुळे स्लाइडवर ‘परजीवी कमी’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नये.

हमखास नजरेतून सुटते ती रक्तातली साखर. मुलांत आणि गर्भवतींत ती डेसिलिटरमागे ४० मिलीग्रॅमच्या खाली जाऊ शकते, क्विनीन हे मलेरियाचं औषध चालू असेल तर आणखी. मलेरियाचा रुग्ण बेशुद्ध झाला तर ‘मेंदूचा मलेरिया’ म्हणण्याआधी साखर तपासायलाच हवी. दुसरी चूक सलाईनची: शॉक (रक्तदाब कोसळणं) नसताना भराभर चढवलं की फुप्फुसांत पाणी साचतं.

गंभीर मलेरियात, प्रकार कोणताही असो, आर्टेसुनेट हे औषध शिरेतून देतात: किलोमागे २.४ मिलीग्रॅम (२० किलोखालील मुलांना ३), सुरुवातीला, १२ तासांनी, २४ तासांनी, मग रोज एकदा. रुग्ण तोंडाने घेऊ लागला की गोळ्यांचा ३ दिवसांचा पूर्ण कोर्स. त्यानंतर ४ आठवडे हिमोग्लोबिन तपासत राहा, कारण बरं वाटू लागल्यावरही तांबड्या पेशी फुटून ते घसरू शकतं.

आता तुमचा व्हायव्हॅक्स. तो कोवळ्या तांबड्या पेशीच धरतो, म्हणून परजीवींची संख्या सहसा २ टक्क्यांच्या आत राहते. प्लेटलेट्स मात्र चांगल्याच उतरतात. रक्तस्राव नसेल तर निव्वळ आकड्याला घाबरून प्लेटलेट्स चढवायची गरज बहुधा पडत नाही. उपचाराने त्या आपोआप वर येतात. खरी भीती दोन गोष्टींची. एक, उपचार सुरू झाल्यावरही लागणारी धाप. दुसरी, सुजलेली प्लीहा फाटणं: डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक कळ आणि चक्कर. दोन्हींत त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उलटतो. दर खेपेला हिमोग्लोबिन खाली. त्यासाठी प्रायमाक्विन हे औषध सहसा १४ दिवस देतात. ताप गेला म्हणून पाचव्या दिवशी सोडू नका. आधी जी-सिक्स-पीडी तपासणी करून घ्या. हे एन्झाइम कमी असेल तर प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी काळपट होते. गर्भवतींना हे औषध देत नाहीत.

ओव्हेल हा प्रकारही असाच दडतो, पण बहुधा सौम्य असतो. मलेरिई नावाचा प्रकार वर्षानुवर्षं रक्तात राहून मुलांत मूत्रपिंडं बिघडवतो. लघवीतून प्रथिनं जाऊन अंगावर सूज येते. आग्नेय आशियात माकडांकडून येणारा नोलेसाय सूक्ष्मदर्शकाखाली मलेरिईसारखाच दिसतो, पण दर २४ तासांनी वाढतो आणि लवकर गंभीर होतो. त्या भागातल्या जंगलात जाऊन आला असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि रिपोर्टवर एकच नाव असलं तरी व्हायव्हॅक्ससोबत फॅल्सिपेरमही असू शकतो. औषध सुरू होऊन ३ दिवसांनीही ताप चढत असेल तर स्लाइड पुन्हा करून घ्या.