कॉन्फरन्स गेली, तरी देशात पहिले कसे?

प्रश्न : पोरगा एमएस करायला कोलंबसला, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. 2024 च्या नोव्हेंबरात फोनवर रडवेला होऊन सांगत होता, पप्पा अमेरिकन फुटबॉलमध्ये मिशिगनकडून हरलो, कॉन्फरन्स गेली. आणि जानेवारीत म्हणे आपण देशात पहिले! आमच्या इथे टीम झोनमध्ये हरली की बॅगा भरून घरी येते भो, मग हे कसं काय?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : रामराम भाऊ. पोराचं दोन्ही वेळचं खरंय.

त्यांची कॉन्फरन्स म्हणजे 'बिग टेन', 1896 पासूनचा युनिव्हर्सिट्यांचा गट. सीझनला 12 मॅच, त्यातल्या 9 गटातल्याच टीमशी, आणि वरच्या दोघांची डिसेंबरात इंडियानापोलिसला फायनल. ओहायो स्टेट ऑक्टोबरात ओरेगॉनकडून 32-31 ने, एकाच पॉइंटने हरली, आणि मग 30 नोव्हेंबरला मिशिगन. ती मॅच बघवत नव्हती हो, घरचं मैदान, लाखभर लोक, स्कोअर 10-10, आणि 45 सेकंद राहिलेले असताना मिशिगनच्या किकरने अगदी जवळून बॉल खांबांमधून मारला, 13-10, संपलं. वर मिशिगनची पोरं मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला गेली तर दोन्हीकडची पोरं भिडली, पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला. ओहायो स्टेटची मिशिगनकडून ही लागोपाठ चौथी हार होती, पोरगा रडणारच. दोन हारी झाल्या म्हणून फायनलला ओरेगॉन आणि पेन स्टेट गेले, ओरेगॉन 45-37 ने जिंकलं.

पण देशाच्या प्लेऑफचा, म्हणजे देशातली पहिली टीम ठरवणाऱ्या बाद फेरीचा हिशोब वेगळा. त्याच वर्षीपासून तिथे 4 च्या जागी 12 टीम घ्यायला लागले, 5 जागा कॉन्फरन्स चॅम्पियनना आणि बाकीच्या 7 समितीच्या रँकिंगवरून. ओहायो स्टेटला आठवा नंबर मिळाला आणि मग टीम अशी सुटली की बस! टेनेसीला 42-17, ज्या ओरेगॉनने हरवलं होतं त्यालाच 41-21, टेक्सासला 28-14, आणि 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोत्र दामला 34-23. माझं स्पष्ट मत, 12 टीम घेतल्या ते बरंच केलं, एका वाईट शनिवारी पोरांची वर्षभराची मेहनत पाण्यात जायला नको. आपल्याकडच्या झोनच्या स्पर्धांतही हरलेल्या चांगल्या टीमला एखादी वाट ठेवायला काय हरकत आहे?

प्रश्न : कॉन्फरन्स जर आजूबाजूच्या कॉलेजांची, तर लॉस एंजेलिसच्या टीम ओहायोच्या गटात कशा?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : टीव्हीच्या पैशामुळे, दुसरं काय. ऑगस्ट 2024 ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन युनिव्हर्सिट्या, शिवाय ओरेगॉन आणि वॉशिंग्टन आले आणि गट 18 चा झाला. एक टोक न्यू जर्सीला, दुसरं लॉस एंजेलिसला, अंतर जवळपास 4000 किलोमीटर. हे मला अजिबात पटत नाही. फुटबॉलवाले बाहेरगावी सीझनला चार-पाचदाच जातात पण व्हॉलीबॉलच्या पोरींचं काय, त्यांच्या मॅच कितीतरी जास्त, आणि पैसा आला फुटबॉलचा तरी विमानातल्या रात्री अन् बुडलेले लेक्चर त्यांच्याही वाट्याला. शेजारच्या गावाशी मॅच असली की जी चुरस असते ती इतक्या लांबच्याशी होते का? एवढं मात्र चांगलं, वेळापत्रक कसंही फिरवलं तरी ओहायो स्टेट-मिशिगन मॅच दरवर्षी ठेवायचीच असा नियम त्यांनी करून ठेवलाय.