लहान क्रूझ जहाजावर कॅसिनो असावा का?
माझं मत: नको. नीतीचा मुद्दा काढत नाही, कारण आमच्या नेरूळच्या सोसायटीत दिवाळीला तीन पत्ती पहाटेपर्यंत रंगते आणि त्यात मीही असतो.

खरी अडचण जागेची. तीन हजार प्रवाशांच्या जहाजात कॅसिनो कुठेतरी कोपऱ्यात खपून जातो. दोनशे जणांच्या जहाजात बसायला मुळात एक-दोनच हॉल. त्यातला एक स्लॉट मशीनच्या टिणटिणाटाला दिला, तर पुस्तक घेऊन बसणाऱ्याने जायचं कुठे? शिवाय जहाज बंदरात असताना कॅसिनो सहसा बंदच असतो. लहान जहाजं तर जवळजवळ रोज नवं बंदर घेतात. म्हणजे ती जागा दिवसभर अडून राहणार.

बेलापूर जेट्टीवरून असं काही सुटेल का म्हणाल, तर खाडीत कायदा महाराष्ट्राचाच. इथला 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही. 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. मांडवीत तरंगणारे कॅसिनो चालतात ते गोव्याच्या वेगळ्या कायद्यामुळे. फारच हौस असेल तर पनवेलहून गाडी पकडा आणि पणजी गाठा.