नवऱ्याच्या छोट्या गाड्यांनी घर भरलंय, काय करू?

प्रश्न: ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा मनाने चांगला आहे, कसलं व्यसन नाही, पण हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या गाड्यांचं असं वेड लागलंय की मी थकले. एका शेल्फवर होत्या तोवर मलाही कौतुक होतं, आता बेडखाली खोके, कपाटावर खोके, माझ्या कपड्यांच्या कप्प्यात पण खोके. निम्म्या तर पाकिटातून काढलेल्याही नाहीत, आणून ठेवतो आणि परत बघतसुद्धा नाही. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो, मला किंमत कमी करून सांगतो. गेल्या आठवड्यात सहा वर्षांच्या मुलाने एक पाकीट फाडून निळी गाडी फरशीवर पळवली तर हा एवढा ओरडला की पोरगं न जेवताच झोपलं. वाटतं सगळं उचलून भंगारात द्यावं. माझं चुकतंय का?

उत्तर: तुमचं काहीच चुकत नाहीये, फक्त भंगाराचं तेवढं मनातून काढून टाका. त्याच्या नकळत एक खोका जरी गेला तरी पुढची कित्येक वर्षं घरात त्याच एका खोक्याचं भांडण चालेल, आणि तो आणखी लपवायला शिकेल.

आणून ठेवतो आणि बघत नाही असं तुम्ही लिहिलंय ना, मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे. कंपनी १९९५ पासून साध्या गाड्यांच्या लॉटमध्ये मधूनच एखादी ट्रेझर हंट टाकते, म्हणजे कमी निघणारी गाडी, आणि ती सापडेल म्हणून माणसं दुकानातला अख्खा स्टँड एकेक पाकीट सरकवत चाळतात. कधी मिळेल ते माहीत नसतं म्हणून हात थांबत नाही. आनंद शोधण्यात असतो, गाडी घरी आली की तो संपतो आणि मग पुढची. त्यामुळे "ह्याचं काय करणार आहेस" असं विचारलंत तर त्याच्याकडे खरंच उत्तर नसेल. त्यापेक्षा एका सुट्टीच्या दिवशी दोघं जमिनीवर बसा, सगळे खोके उघडा, यादी करा. डबल किती, अजिबात आवडत नाहीत अशा किती, ते त्याच्याच तोंडून येऊ दे. डबलवाल्या दुसऱ्या कलेक्टरला विकता किंवा बदलता येतात, ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. आणि हेही सांगा की बेडखालच्या ओलीने पाकिटाच्या मागचं पुठ्ठ्याचं कार्ड फुगतं, वाकतं, उन्हात प्लास्टिक पिवळं पडतं, म्हणजे जीव लावलेल्या वस्तूच तिथे खराब होतायत. एक भिंत किंवा एक कपाट पूर्ण त्याचं, त्यात मावेल तेवढं ठेवायचं, नवीन आली तर जुनी एक जाणार. तुमचा कप्पा मात्र त्याच दिवशी रिकामा करून घ्या.

किंमत लपवणं मला गाड्यांपेक्षा जास्त खुपलं. दर महिन्याला छंदासाठी एक ठरलेली रक्कम दोघांनी मिळून बाजूला काढा, तेवढ्यात त्याने काहीही घ्यावं, तुम्ही एका शब्दाने विचारायचं नाही, पण पार्सल घरीच आलं पाहिजे.

यादी करताना त्याच्याकडे लक्ष ठेवा. आपल्याकडे काय आहे हे त्याला नीट माहीत असेल, दाखवताना चेहरा खुलत असेल, तर तो संग्राहक आहे, थोडा वाहवलाय इतकंच. पण फाटकं रिकामं पाकीटही टाकवत नसेल, हात लावला की घाबराघुबरा होत असेल, खोल्या वापरता येत नसतील, उधारी झाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, दोघंही जा. वस्तू साठवत राहणं हा वेगळा विकार म्हणून २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे डॉक्टर वापरतात त्या मानसिक विकारांच्या अमेरिकन सूचीत, नोंदलेला आहे, त्यावर उपचार होतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि मुलाचं. १९६८ मध्ये ह्या कंपनीच्या पहिल्या १६ गाड्या आल्या त्या पोरांनी पळवायलाच आल्या होत्या, तुमच्या मुलाने तेच केलं. पाकीट फाटलंच आहे तर ती निळी गाडी आता त्याची, आणि ती त्याच्या हातात बाबानेच द्यायला हवी, तुम्ही नाही. सोबत डबलवाल्यांपैकी दहाबारा सुट्या गाड्या एका डब्यात घालून द्या, त्या आपटू देत, रंग उडू दे, कुणी ओरडायचं नाही. बाबाच्या कपाटाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही एवढं मग तोही ऐकेल. यादी, बजेट सावकाश होईल, हे तेवढं आज संध्याकाळीच करा.