नावातली मोकळी जागा आणि ‘आरएम’

प्रश्न: लिनक्सच्या टर्मिनलवर ‘जुना हिशोब’ नावाची फाइल पुसायला आरएम कमांड दिली, तर ‘अशी फाइल नाही’ हा संदेश दोनदा आला. फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडमध्ये मात्र ती दिसते. असं का?

उत्तर: टर्मिनलमधलं शेल, म्हणजे तुमची ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्राम, मोकळी जागा दिसली की ओळ तोडतं. त्यामुळे आरएमला ‘जुना’ आणि ‘हिशोब’ अशा दोन फाइलींची नावं मिळाली, म्हणून तक्रारही दोनदा. नशीब म्हणा! ‘हिशोब’ नावाची वेगळी फाइल असती, तर तीच गेली असती, आणि आरएमने पुसलेलं कचरापेटीत जात नाही.

पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहा, किंवा मोकळ्या जागेआधी उलटी तिरपी रेघ (\) द्या. त्याहून सोयीचं म्हणजे पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबणं. उरलेलं नाव शेल स्वतःच भरतं, रेघेसकट. काहीच भरलं नाही तर टॅब पुन्हा दाबा. तशा अक्षरांची अनेक नावं असतील तर यादी येईल. यादीही नसेल, तर तुम्ही बहुधा भलत्याच फोल्डरमध्ये आहात. आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगणारी पीडब्ल्यूडी ही कमांड देऊन बघा.

पुसताना ‘-आय’ हा पर्याय लावला की प्रत्येक फाइलीआधी विचारणा होते. खरा धोका तारांकनाचा (*), म्हणजे ‘इथे काहीही चालेल’ असं सांगणाऱ्या चिन्हाचा. नाव आणि तारांकन यांच्यात चुकून मोकळी जागा पडली, तर एकटं तारांकन फोल्डरमधल्या, ठिपक्याने सुरू होणाऱ्या सोडून, सगळ्या फाइलींना लागू होतं. म्हणून तीच ओळ आधी आरएमच्या जागी एलएस लिहून चालवा.