"बाई, तुम्हीच एक द्या की शाळेला"

हल्ली माझ्याकडे एक प्रश्न फार येतो, एकच मूल ठेवलं तर आपण चुकतोय का, आणि नोकरी करणाऱ्या बायका तो अगदी अपराध केल्यासारखा विचारतात. त्यावर एका बाईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

रत्नागिरी जिल्ह्यात एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत त्या शिक्षिका, वय ३६, मुलगी सात वर्षांची. आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता निघालं की मे महिन्यात दाखलपात्र मुलांच्या सर्व्हेला त्या घरोघरी फिरल्या, अर्ध्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला, आणि पहिलीसाठी सापडलं एकच पोर. एका आजीने चहा दिला आणि सहज म्हणाली, बाई, तुम्हीच एक द्या की शाळेला. दोघी हसल्या, पण ते वाक्य यांच्याबरोबर घरी आलं, आणि घरी सासूबाईंचं दुसऱ्यासाठी आधीच चालू होतं.

शाळेचा पट, म्हणजे एकूण मुलं, सात. हजेरी सुरू केली की संपतेच, म्हणाल्या. कबड्डी घ्यायची तर एकच टीम होते मॅडम, समोर कोण उभं राहणार? हे सांगताना त्या रडल्या, दुसऱ्या बाळाबद्दल बोलताना नाही. मी विचारलं, उद्या शाळेत चाळीस पोरं आली तर दुसरं बाळ हवंसं वाटेल का? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, नाही, मग मला झोप लागेल.

मुलं कमी जन्माला येतायत हे खरं आहे, ते मी लपवलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं, गोव्यात १.३, आणि लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतात. पण त्यांची शाळा नुसती त्याने रिकामी झाली नाही, माणसं पोटासाठी शहरात गेली, जी राहिली त्यांच्या दारात इंग्लिश मिडियमची गाडी यायला लागली. तुम्ही आज बाळाचं ठरवलंत तरी ते पहिलीत बसायला सहा-सात वर्षं, तोवर तुमची बदली झालेली असेल, असं मी स्पष्टच बोलले. लहान शाळा एकत्र केल्या तर लांबच्या वाडीतल्या पोराला गाडी मिळणार का, हे सरकारला विचारायचं, एका बाईच्या कुशीवर त्याचा भार कशाला?

तिसऱ्या भेटीला नवरा आला. मला हवंय की आईला हवंय हे मी कधी वेगळं करून बघितलंच नाही, म्हणाला. हे तो बायकोसमोर पहिल्यांदाच बोलला.

दुसऱ्याचं त्यांचं अजून ठरलेलं नाहीये, घाईही नाही. शनिवारी मात्र शेजारच्या वाडीच्या शाळेतली नऊ पोरं चालत येतात, सात विरुद्ध सात कबड्डी होते, उरलेली दोघं गुण मोजतात.